हीव आलं, म्हणाली

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तरी घाम थांबत नव्हता, असं ते वर्ष. तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे मजुरीला जात होतो, म्हणजे साठच्या पुढचंच कुठलं तरी. नेमका आकडा मला सांगता येणार नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, आणि आमच्या घरात वर्ष कुणी आकड्याने लक्षात ठेवत नसे. भात लोळलं ते साल, बैल गेला ते साल, असंच. हे साल हीव उशिरा आलं ते.

हीव म्हणजे थंडी. उमरोळीच्या आसपास आमच्या गावात तेव्हा थंडी हा शब्द कुणी वापरत नसे. हिवाळा सुरू झाला की हीव पडलं, हीव आलं. आणि ताप चढायच्या आधी अंगात कापरं भरतं त्यालाही हीवच. एका शब्दात दोन्ही भागायचं. कोण बोलतंय, कधी बोलतंय, त्यावरून कळायचं. कळतं असं आम्ही धरून चालायचो.

आमची जमीन दीड एकर, सगळी पावसावरची. भात कापलं की ओल मरायच्या आत त्यात वाल टाकायचे. वालाला पाणी कुणी घालत नाही, तो दंवावर वाढतो. हीव नाही तर दंव नाही. आणि आभाळ भरून राहिलं तर दंव तर नाहीच, वर मावा पडतो, बारीक किडे पानांचा रस शोषून घेतात. त्या साली वारा फिरायचं नाव घेत नव्हता. एरवी दिवाळीच्या पुढेमागे पहाटेचा वारा मनोरच्या डोंगरांकडून यायला लागतो, कोरडा. त्या साली तो एडवणच्या बाजूने, समुद्रावरूनच येत राहिला. दमट, खारट, अंगाला चिकटणारा. वालाची दोन पानं वर आली आणि तिथेच थांबली. कापून टाकलेलं गवत वाळायच्या ऐवजी काळं पडायला लागलं. मी रोज सकाळी बांधावर जाऊन बघायचो आणि परत यायचो. कामाने मी त्या वयात कधी दमलो नाही, पण त्या बघण्याने दमलो.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माझी आई. बायकोला सातवा महिना होता, लग्नानंतर चार वर्षांनी. पाय सुजलेले, मानेला ओलं फडकं लावून ओट्यावर बसायची. तीही हिवाचीच वाट बघत होती. म्हणायची, "एकदा हीव येऊ द्या, मंग बगा मी कशी कामाला लागते." आई म्हणायची, तोवर काय करतेस ते बघतेय की मी. पण ते प्रेमानेच. आई तिला घागर उचलू देत नव्हती.

तारापूरच्या कामाची गाडी पहाटे सडकेवर यायची. तिचं शिंग, म्हणजे भोंगा, वाजलं की पळायचं. चुकली की मुकादम त्या जागी दुसरा माणूस घ्यायचा आणि मग तो माणूसच राहायचा. कामावर घाटावरचे पुष्कळ होते, हिंदी बोलणारेही होते. घाटावरचा एक गडी माझ्या जोडीला पाट्या उचलायचा. उघडाच असायचा. मी म्हटलं, आता हीव येईल, वाल धरतील, तर तो म्हणाला, "तुमचं ते हीव आलं की मला सांगा पाव्हनं, मी सदरा घालीन."

आता मूळ गोष्ट सांगतो.

एक दिवस पहाटे मी कामाला निघायच्या घाईत होतो. बायको चुलीपुढे बसली होती. तिने भाकरी फडक्यात बांधून दिली आणि म्हणाली, "हीव आलं वो."

मी म्हणालो, "आलं? बरं झालं. किती दिस वाट बगत होतो."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

बाहेर शेजारचा म्हातारा दाताला राखुंडी लावत बसला होता. मी त्याला सांगितलं, हीव आलं. तो थुंकला, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "कुठं? तुज्याच घरात आलं वाटतं. आमच्याकडं नाय फिरकलं अजून." मी हसलो. हे हसलेलं मला नंतर फार वर्षं पुरलं.

गाडीत मी सगळ्यांना सांगितलं. घाटावरच्या गड्याने गाडीपुरता सदरा घातला होता तो काढला आणि टोपी करून डोक्यावर ठेवला. दुपारी अंगातून पाणी निथळत होतं. मी म्हणत राहिलो, अरे, आधी पहाटेचं येतं, मग हळूहळू दिवसाचं. माझ्या मनाने घेतलं होतं, आता वाल वाचले.

दुसऱ्या दिवशी ती बरी होती. जेवली, खळ्यावर आली, सुपाने भात वारवलं. हे ताप एक दिवस आड येतात हे मला आता माहीत आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. आई म्हणाली, दमलीय, निजू दे. मी माझी भाकरी घेतली आणि गेलो.

संध्याकाळी परत आलो तर आई दारातच उभी होती. बायको आत पडली होती, कपाळावर ओली पट्टी. अंगाला हात लावला तर भाजला.

आई म्हणाली, "परवापासून तिला हीव भरतंय. माज्यापासून लपवलंन. तुला सांगितलं म्हनते."

"मला कुठं सांगितलं?"

"परवा पहाटे. तू म्हनलास, बरं झालं."

मला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी आईला म्हणालो, मी हवेचं समजलो. आई पदराने गळ्याचा घाम पुसत होती. तिने अंगणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही हवा?"

एवढंच. नंतर तिने हा विषय माझ्यापाशी मरेपर्यंत काढला नाही.

बायकोने आतून सगळं ऐकलं होतं. मी तिच्याजवळ बसलो आणि तिला तेच सांगितलं. तिने डोळे मिटलेलेच ठेवले. म्हणाली, मला वाटलं तुमी कटाळलात माज्या दुखन्याला. तीन दिवस ती हे पोटात घेऊन निजली होती. म्हणून तिने आईलाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यानेच बरं झालं म्हटल्यावर सासूला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी हिवतापाचं रक्त घेणारा सायकलवाला आला. तो तसा महिन्यातून एकदा यायचा, त्या दिवशी मीच बोईसरच्या सडकेवर जाऊन त्याला गाठून आणला. त्याने तिच्या बोटाला सुई टोचली, रक्त काचेवर घेतलं, कडू गोळ्या दिल्या. मग भिंतीकडे बघून विचारलं, इथे पावसाळ्यात फवारा मारला होता ना? मारला होता. पण दिवाळीला आईने सगळं घर शेणाने सारवून घेतलं होतं. तो म्हणाला, "आजी, औषध शेणाखाली गेलं. डास तुमच्यावर खूष आहेत." आई हसली नाही. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला की पोटात मूल असताना असा ताप वाईट, गोळ्यांवर थांबू नका, आजच पालघरला न्या.

बैलगाडीने उमरोळी स्टेशन, तिथून आगगाडीने पालघर. सगळ्या वाटेत तिला पुन्हा हीव भरत होतं. मी तिच्यावर माझं धोतर, आईचं लुगडं, जे होतं ते घातलं. डब्यातले लोक घामाने भिजून वारा घेत होते आणि आमच्याकडे बघत होते. पालघरला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुया दिल्या, रात्रभर लक्ष ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मूल झालं. मुलगी. जिवंत नव्हती. बाई मला म्हणाल्या, आई वाचली आहे, तिच्याकडे बघा. मी बघितलं. तिने काही विचारलं नाही, म्हणजे तिला ठाऊक होतं.

सहा दिवसांनी आम्ही घरी आलो. त्याच्या चौथ्या दिवशी पहाटे शेजारचा म्हातारा अंगणात आला. सगळ्या गावात पहिली खबर द्यायची त्याला हौस होती. दाराशी येऊन उभा राहिला, तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "वारा फिरला रे," आणि गेला. तो शब्द त्याने घेतला नाही. त्या म्हाताऱ्याचे उपकार मी मानतो.

वाल मात्र त्या साली उदंड आले. उशिरा आले पण वेल वाकले. पौषात ती उन्हात बसून शेंगा सोलायची. वीजघरावरच्या माणसांची बिऱ्हाडं तेव्हा बोईसरला यायला लागली होती, त्यांच्या बायका वाल घ्यायला यायच्या. त्या थंडी म्हणायच्या. काय बाई थंडी, आज थंडी कमी. बायकोने तो शब्द त्यांच्याकडून घेतला. आमच्यात त्या शब्दाने बोलणारी ती पहिली. गावातल्या बायका चेष्टा करायच्या, सायबीण झाली, घाटावरची झाली. ती म्हणायची, झाली तर झाली. पुढे आम्हाला दोन मुलगे झाले. तेही थंडीच म्हणायला शिकले. त्यांना वाटतं आम्ही शिकलेल्या लोकांसारखं बोलायचो.

तिने मला एकदाच विचारलं. पंधरा-वीस वर्षं झाली असतील मध्ये. दुपारची वेळ, मुलं शाळेत, ती ओट्यावर सोलत बसलेली. मी दोरी वळत होतो. हात न थांबवता म्हणाली, "खरं सांगा. तेवा तुमी हवेचंच समजलात ना?"

मी म्हणालो, "हां."

"मंग झालं," म्हणाली.

ती गेली त्याला आता दुसरा हिवाळा. थंडी अजून आलेली नाही. सुना पंखा लावतात, मी बाहेर येऊन बसतो. वाल आता कुणी टाकत नाही. ज्याची वाट बघावी असं काही राहिलेलं नाही, तरी सकाळी उठून वारा कुठून येतो ते बघतो, सवय म्हणून.

तिला सांगितलं नाही ते आता लिहितो. त्या पहाटे निघताना तिने मला पाणी दिलं. तांब्यावर फुलपात्र होतं आणि ते वाजत होतं. तिचा हात इतका कापत होता की पाणी माझ्या मनगटावर सांडलं. आमच्याकडच्या पहिल्या हिवाने असा हात कापत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी ते पाहिलं. तेवढ्यात सडकेवर गाडीचं शिंग वाजलं. मी पाणी प्यायलो आणि हवेचं समजलो. खोटं नाही, समजलोच. पण तो हात पाहून झाल्यावर समजलो.

तिने विचारलं तेव्हा सांगता आलं असतं. घरात तिसरं कुणी नव्हतं, घाई नव्हती, कुठलं शिंग वाजत नव्हतं. मी हां म्हणालो. तिने ते खरं धरलं, की खोटं कळूनही मला मोकळं केलं, हे मला कळलं नाही. आणि तिचा स्वभाव पाहता, तिला तांब्या वाजलेला आठवत नसेल असं मला वाटत नाही.