मामाजींच्या गळाची मूठ

माझ्या सासूला सवत होती. पाच हात लांब, सडपातळ, पिवळी धमक. मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मासे धरायची काठी. तरणेपणी ते डाकबंगल्यावर हरकाम्या होते, तेव्हा विलायतेला परत निघालेल्या एका साहेबानं जाताना दिलेली. बांबूच्या सहा चिपा सरसानं चिकटवून केलेली, खाली लाकडाची मूठ, मुठीजवळ दोरा गुंडाळायचं पितळी चाक. आमचा वांग्या-मिरच्यांचा मळा मेहकरजवळ, पैनगंगेच्या काठाला. दिवसभर मळ्यात राबायचं आणि ऊन उतरलं की काठी घेऊन डोहावर बसायचं, हा मामाजींचा नेम. आत्याबाई, माझी सासू, मासळीला शिवत नसे. "गेले सवतीकडे," म्हणायची आणि भाकरी अशी थापायची की शेजारच्या मळ्यात ऐकू जावी.

मी लग्न होऊन आले तेव्हा महाराष्ट्र नवाच झाला होता. मीही नवीच होते, पण तोंडानं मी कधीच नवी नव्हते. मासळी रांधायची मीच, अंगणातल्या चुलीवर, म्हणून मामाजींचं आणि माझं गूळपीठ.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. खामगावच्या डॉक्टरनं बजावलं, मन रमवा, नाहीतर माणूस खचेल. आता त्यांचं मन रमायची जागा एकच. माझ्या नवऱ्यानं त्यांना बैलगाडीत घालून डोहावर नेलं, मीही गेले. डाव्या हातात काठी दिली. जरा वेळानं मासा लागला, काठी वाकली आणि मूठ गर्रकन फिरली. ती ढिली कधीचीच होती, पण दोन धड हात होते तोवर कोणाला कळलं नव्हतं. काठी गेली पाण्यात. नवऱ्यानं उडी मारून काढली. मामाजी एवढंच बोलले, "हालते."

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून निजले ते निजलेच. भाकरीचा तुकडा मोडेनात. मी लाडीगोडी लावली, मग ओरडले, मग कढीची वाटी घेऊन तशीच बसून राहिले. काही विचारलं की उत्तर एकच, "हालते." मला भीती वाटली हो. म्हातारी माणसं अशी भिंतीकडे वळली की पुन्हा इकडे वळत नाहीत, हे मी माहेरी पाहिलं होतं.

आमच्याकडे कुदळीचा नाहीतर कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की रातभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं, दांडा घट्ट बसतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तर आत्याबाईनं कोणाला न सांगता, सांजच्याला, सवतीला उचललं आणि विहिरीजवळच्या हौदात आडवी बुडवून ठेवली. जन्मभर जिला हात लावला नाही तिला!

सकाळी मी घागर घेऊन गेले तर आत्याबाई हौदाच्या कठड्यावर बसलेली, मांडीवर काठी. काठी कुठली, बाप्पा! सरस विरघळून सगळ्या चिपा सुट्या झाल्या होत्या, खराट्याच्या काड्यांसारख्या.

"मूठ तं घट्ट झाली व," ती म्हणाली. "पाह्य ना, हालत नाही आता." आणि हमसून हमसून रडायला लागली.

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. मला हसू फुटत होतं, पण मी घागर खाली ठेवून तिच्याजवळ बसले. जिच्या नावानं जन्मभर बोटं मोडली, ती मेली म्हणून ही बाई रडत होती.

नवरा धावत आला. "काऊन हात लावला तिले?" म्हणून आईवर खेकसला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमाले सुचलं होतं का काही? मंग गप बसा." मामाजींना मी सांगते म्हटलं, तर आत्याबाईनं डोळे पुसले. "म्या बुडवली, म्याच सांगन."

त्या चिपा पदरात धरून ती बाजेपाशी उभी राहिली. "माही सवत गेली हो. माह्याच हातानं. दांड्यासारखी पाण्यात ठेवली म्या."

मामाजी वळले. कितीक दिवसांनी वळले! चिपांकडे पाहिलं, आत्याबाईकडे पाहिलं. मग डाव्या हातानं मूठ धरून पिळून पाहिली. हलली नाही. त्यांचं अंग गदगदायला लागलं. अगे माय, पुन्हा वारं गेलं की काय, म्हणून मी पुढं झाले, तर ते हसत होते. तोंडाची डावी बाजू तेवढी हसत होती. मी ती संधी साधून कढी पाजली.

दोन दिवस उन्हात राहून मूठ वाळली आणि पुन्हा ढिली झाली, तेव्हा ती चिपांवरून निघाली. नवऱ्यानं बांधावरचा सरळ बांबू तोडून आणला, विळ्याच्या मुठीत ओततात तशी लाख वितळवून ओतली आणि मूठ त्यावर बसवली. आत्याबाईनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून मुठीभोवती आवळून गुंडाळला, हाताला जाड लागावी म्हणून. चाकबिक काही नाही. दोरा थेट शेंड्याला.

त्या दिवशी आत्याबाई पहिल्यांदा डोहावर आली. नाकाला पदर लावून का होईना, मामाजींच्या लुळ्या अंगाला टेकून बसली. त्यांचा उजवा हात उचलून तिनं मुठीवर ठेवला आणि त्यावर आपला हात दाबून धरला. डावा त्यांचा त्यांनी ठेवला. थोड्या वेळानं दोरा ताणला, शेंडा थरथरला.

"ओढा! अवं, ओढा ना!" मी मागून ओरडले.

कोणी ओढलं नाही. आत्याबाई खाली वाकून त्यांना हळूच विचारत होती, "हालते का हो?"

"नाही हालत," मामाजी म्हणाले.

मासा आमिष खाऊन गेला. मी घरी मसाला वाटून ठेवला होता, तो मग वांग्यात घातला.