मोठ्यानं बोला

अडीच वर्षांची झाली तरी माझी लेक बोलेना. कुणी आलं की पदराआड लपायची. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "दिवसभर तिच्याशी मोठ्यानं बोलत राहा."

मोठ्यानं! रहाटणीच्या आमच्या घरात सासरे ओसरीवर असले की सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जायचा नाही. नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात जायचा. त्याला सांगितलं तर म्हणे, "आबांपुढं कोण बोलणार?"

मग मी लेकीला घेऊन गोठ्यात शिरायची, दार लोटून घ्यायची. "ही म्हैस. म्हण की गं, म्हैस!" ती नुसती बघत राहायची.

एकदा बाहेर सासरे खाकरले. मी थांबायच्या आतच तिनं इवलासा हात माझ्या तोंडावर दाबला आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलली, "गप."