उमाजीच्या फुकटच्या कॅसेटी

उमाजीला मेंढरांचा मनापासून राग होता. धनगराच्या घरात जन्मून असा राग असला की माणूस एक तर साधू होतो, नाहीतर लाऊडस्पीकरवाला. साधू व्हायला त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं, परवानगी दिली नाही. म्हणून चौथी नापास उमाजीनं सोनपेठला एसटी स्टँडसमोर दुकान टाकलं. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर आणि कॅसेटी भरून द्यायची डबल डेकची मशीन एवढाच पसारा. तोंड मात्र तिसऱ्या भोंग्यासारखं.

विद्यापीठाच्या नामांतरासाठी गावात सभा ठरली, तेव्हा भोंगा द्यायला कुणी धजेना. उमाजीनं दिला. आपण तत्त्वासाठी दिला, असं तो पुढं छाती काढून सांगायचा. केवळाबाई म्हणायची, "तत्त्व कशाचं? ह्यास्नी कुणाला न्हाई म्हणताच येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांचा निरोप आला. गावातली निम्मी जमीन आणि बहुतेक सगळी लग्नं आबासाहेबांच्या शब्दावर चालायची.

"भोंगा कुणाला दिलास रे?"

"मागितला त्याला दिला, मालक. तुमच्या घरच्या लग्नात बी तोच व्हता. तवा तर त्यो बाटला न्हवता."

"मग आता लग्नं विसर."

त्या लग्नसराईत उमाजीला एकही सुपारी आली नाही. तो दुकानात माशा मारीत बसला, आणि अशातच एक दिवस कस्तुराबाई आल्या. त्या धनगर वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत शिकवायच्या. दिवाळी झाली की त्यांचा निम्मा वर्ग मेंढरांमागं गोदाकाठानं निघून जाई आणि पावसाळ्याच्या तोंडाला सगळं विसरून परत येई.

"धोंडीबाच्या घोडीवर टेप असतो," कस्तुराबाई म्हणाल्या. धोंडीबा म्हणजे त्या कळपांचा म्होरक्या. "दिवसभर गाणी वाजवतो. त्यात माझे धडे वाजले तर?"

"धोंडीबा घोडीवरून पडंल," उमाजी म्हणाला. पण मशीन त्यानं लगेच पुसायला घेतली.

माईक समोर आला आणि कस्तुराबाईंचं काहीतरी झालं. वर्गात खळाळून बोलणारी बाई एकदम सरकारी परिपत्रकासारखी बोलू लागली. "पृथ्वी ही आपल्या आसाभोवती परिवलन करीत असून..."

उमाजीनं बटण दाबून टेप थांबवला. "बाई, कोण मेलंय का?"

"म्हणजे?"

"दुखवट्याच्या सभेत बोलायल्यासारखं बोलायलात. पोरगं समोर हाय आणि ते खिडकीतून भाईर बघायलंय, असं धरा. आता बोला."

"ए मुंज्या!" कस्तुराबाई कडाडल्या. "भोवरा फिरवतोस ना? तुझी धरती पण तशीच गिरकी घेते, आणि गिरकी घेत घेत सूर्याभोवती फिरते..." उमाजी खूश होऊन मान डोलवीत राहिला. एवढ्यात मागच्या दारातून केवळाबाईनं आवाज दिला, "अवो, डाळ संपली!" तेही टेपवर गेलं. पुन्हा सगळं बोलायची बाईंची तयारी नव्हती, म्हणून ते तसंच राहिलं. त्या साली वस्तीवरची पोरं घडाघडा म्हणायची, "पृथ्वी सूर्याभोवती फिरते, अवो, डाळ संपली."

हे ऐकून आसपासच्या गावांतले मास्तर येऊ लागले. त्यांतले दिनकरराव हेडमास्तर म्हणजे भाषणाचे भुकेले. "विद्यार्थी मित्रहो" म्हणून सुरुवात केली ती चहा दोनदा होऊन गेला तरी संपेना. संपल्यावर म्हणाले, "ऐकव."

"काय ऐकवू? रेकॉर्डचं बटण दाबलंच न्हाई."

दिनकरराव लालबुंद झाले. "का?"

"सर, तुमी सोता तरी ऐकलं असतं का? तुमचं भावासंगं बांधावरून भांडण हाय म्हणं. ते सांगा."

झालं! दिनकररावांनी भावानं बळकावलेली पट्टी, तिची लांबी, तिची रुंदी, तलाठ्याची अक्कल आणि भावाची नियत असं सगळं बाहेर काढलं. शेवटी दोन्ही बाजूंचा गुणाकार करून ते अक्षरशः धापा टाकत बसले. क्षेत्रफळाचा इतका तळतळाटाचा धडा पुन्हा झाला नाही. त्यांचा भाऊही तो भरून घेऊन गेला, गुणाकार तपासायला.

प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला शिकवणाऱ्याचं नाव आणि मग कस्तुराबाईंच्या आवाजात एक वाक्य असे : "ही कॅसेट कुणीही घ्या, कुणालाही भरून द्या, चुकलं असेल तर दुरुस्त करा." कोरी कॅसेट आणा आणि भरून न्या, असा उमाजीचा कारभार. आबासाहेबांचा नातू गणितात कच्चा निघाला, तेव्हा त्यांचा गडी मागच्या दारानं आला. उमाजीनं त्याला वळसा घालून पुढच्या दारानं यायला लावलं आणि मग भरून दिली.

पुढच्या उन्हाळ्यात केवळाबाई माहेरी, ताडकळसला गेली. बाजारात एक गाइडवाला धड्यांच्या कॅसेटी मांडून, टेप लावून बसला होता. रंगीत वेष्टनावर त्याचा फोटो आणि खाली 'सर्व हक्क राखीव'. सुरुवातीचं नाव आणि वाक्य कापलेलं. केवळाबाई ऐकत उभी राहिली, आणि टेपमधून तिचाच आवाज आला, "अवो, डाळ संपली!"

"ही कोण रं बाई?" तिनं विचारलं.

"आमची आर्टिस्ट आहे. पुण्याची."

"पुण्याची?" केवळाबाईनं पदर खोचला आणि भर बाजारात तोच हेल काढून ओरडली, "अवो, डाळ संपली!" माणसं गोळा झाली. तिनं टेप मागं घ्यायला लावला आणि पुन्हा टेपसोबत ओरडली. बाजार पोट धरून हसायला लागला.

गाइडवाला मात्र निर्लज्ज. "तुम्हीच म्हणता ना, कुणीही घ्या? मी घेतली."

"घ्या म्हणलं. बाईचं नाव पुसून सोताचं थोबाड चिकटवा म्हणलं व्हतं का? आरं, शेजाऱ्याला इरजण दिलं म्हणून आमची म्हैस त्याची हुती का?"

मग तिनं जमलेल्यांना सांगून टाकलं, "कोरी कॅसेट घिऊन सोनपेठला या. फुकट हाय." गाइडवाल्यानं दुपारच्या आतच पथारी आवरली. कस्तुराबाईंनी त्या दिवसापासून सुरुवातीच्या वाक्याला शेपूट जोडलं : "फक्त शिकवणाऱ्याचं नाव पुसू नका."

धोंडीबाच्या कळपातली काही पोरं त्या धड्यांवर सातवीपर्यंत पोचली, काहींनी टेपवर पुन्हा गाणीच भरून घेतली. मास्तरांनी हळूहळू स्वतःचे टेप घेतले आणि उमाजीकडं येणं कमी झालं. तो थोडे दिवस रुसला, मग आबासाहेबांचा राग निवळला तसा लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करू लागला.

नामांतर झालं त्या वर्षी मास्तरांनी परभणीला त्याचा सत्कार ठेवला. उमाजी सफारी घालून गेला. शाल-नारळ मिळाला आणि नेमका दिनकररावांच्या भाषणात दुसऱ्या कुणाचा तरी माईक कुंई करून बोंबलू लागला. सगळ्यांच्या माना उमाजीकडं वळल्या.

"उठा की," केवळाबाईनं कोपर मारलं.

"गप बस. आज मी पाव्हणा हाय," उमाजी म्हणाला, आणि शाल नीट सावरून खुर्चीत आणखी मागं रेलला.