नोराचा कोट घालायचा तास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मीनललाही नाही. मीनल माझी बायको, आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. विजेच्या बिलापासून माझ्या रक्तातल्या साखरेपर्यंत आमच्या घरात सगळं उघड्यावर असतं. हे तेवढं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे — मी राहू दिलं.

कुठून सुरुवात करू? शाळेच्या व्हरांड्यातून करतो. तिथे मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांसमोर येतं.

आम्ही नेदरलँड्समध्ये, कापेल आन डेन आयसेल या गावात राहतो. मी रॉटरडॅम बंदरातल्या एका कंपनीत कंटेनरची वेळापत्रकं बसवतो. आकडा दोनदा तपासल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, ही माझी सवय. आमची मुलगी इरा तेव्हा सहा वर्षांची होती. शाळेत जायला लागून तिला बरेच महिने झाले होते आणि तिथे ती बोलत नव्हती. अजिबात नाही. तिच्या बाई — इथे त्यांना युफ म्हणतात — सांगायच्या की तिला सगळं समजतं, मान हलवते, चित्रं सुंदर काढते, पण तोंडातून शब्द नाही.

आणि घरी? घराचं नंतर सांगतो. आधी व्हरांडा.

इथल्या शाळेत हिवाळ्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे कोट घालणं. जेवणाच्या सुट्टीत वर्गभर पोरं व्हरांड्यातल्या खुंट्यांपाशी येतात. कुणाची चेन अडकलेली, कुणाचा एकच बूट सापडलेला, कुणाचा हातमोजा दुसऱ्याच्या हातात. अर्धी सुट्टी तिथेच जाते. मदतीला पालकांपैकी कुणीतरी असतं. इराच्या वर्गाला आमच्याच गल्लीतली नोरा असायची. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची, खड्या आवाजाची बाई. तिच्या माहेरी आयरिश बोलतात, म्हणजे इंग्रजी नव्हे, तिथली जुनी भाषा. तिने काय केलं, तर त्या गोंधळाचाच आयरिशचा तास केला. कपड्यांची भाषा — कोट, टोपी, बूट, मोजे — एवढाच अभ्यासक्रम.

एकदा इराला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून मी लवकर पोचलो आणि काचेच्या दाराबाहेर थांबलो. आत पोरांनी आपापले कोट जमिनीवर उलटे पसरले होते, टोपीची बाजू पायाशी. नोराने एक शब्द म्हटला. सगळी वाकली, बाह्यांत हात घातले. तिने दुसरा शब्द म्हटला — आणि वीस-पंचवीस कोट एकदम हवेत उडाले, डोक्यांवरून गेले आणि पाठींवर उतरले. लाल, निळे, चांदीसारखे चमकणारे. मी असा कोट घालायचा प्रकार जन्मात पाहिला नव्हता. मग तिने एका पोराची लोकरी टोपी स्वतःच्या पायात घातली आणि विचारात पडल्यासारखा चेहरा केला. पोरं किंचाळली. पोरं तिलाच आयरिशमध्ये दटावत होती! डच पोरं, तुर्की पोरं, सुरिनामची, एक पोलिश — सगळी एका अशा भाषेत ओरडत होती जी त्यांच्यापैकी कुणाच्याच घरची नव्हती.

आणि मग माझ्या मुलीचा आवाज आला.

नोरा सगळ्यांना एकेक करून विचारत होती, अंगावर काय आहे. इरापाशी आली. मी मनात म्हटलं, आता ही मान खाली घालणार. इराने खाली पाहिलं खरं, पण स्वतःच्या पिवळ्या स्वेटरकडे. आणि म्हणाली, "तॉ ग्यान्सी ओरम." माझ्या अंगात स्वेटर आहे. स्पष्ट. मोठ्याने. मग शेजारच्या मुलाच्या छातीवर बोट टेकवून त्याच्या कोटाचं सांगितलं. त्याला ते नीट म्हणता येईना, तर त्याच्याकडून म्हणवून घेतलं. माझी इरा — शिकवत होती!

मी काचेला हात लावून उभा होतो. त्या भाषेत सगळीच पोरं शून्यावर होती. कुणी पुढे नव्हतं, कुणी मागे नव्हतं. हे मला तिथल्या तिथे समजलं. नंतर समजलं असं मी म्हणू शकत नाही.

आता घराचं. इथे बाराव्या वर्षाच्या सुमाराला शाळा सांगते की मूल पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जाईल. गणपतीला चार मराठी घरं जमली की बायका-पुरुष सगळे त्याच्यावरच बोलतात. कुणीतरी म्हणालं, घरात डचच ठेवा. मी ठेवली. इरा चार वर्षांची झाली तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर मराठी बंद. माझी डच कशी? वेळापत्रकापुरती. अर्धी वाक्यं, चुकीचे शब्द. मीनलची त्याहून कमी. "तू पोरीशी बोलतोयस की तिची तोंडी परीक्षा घेतोयस?" ती एकदा म्हणाली. मी तिलाही म्हणालो, डचमध्ये सांग. ती उठून पोळ्या करायला गेली. आम्ही तिघं बसायचो आणि ताटांचा आवाज यायचा.

त्या व्हरांड्यानंतर आठवड्याभरात युफने मला बोलावलं. मीनल कामावर होती, मी एकटा गेलो. युफने प्रेमाने विचारलं, घरी तुम्ही कुठल्या भाषेत बोलता? साधा प्रश्न होता. कुठल्याही बापाला उत्तर देता आलं असतं. मला सांगावं लागलं असतं की मी पोरीची भाषा काढून घेतली आणि बदल्यात माझी मोडकी दिली.

मी म्हणालो, घरी सगळं व्यवस्थित आहे. पण ते आयरिशचं काय चालतं, त्याने इरा गोंधळते.

हे खोटं होतं. इरा कधीही गोंधळली नव्हती. उलट झोपताना मोजे काढता काढता ती ते शब्द गुणगुणायची आणि मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. तरी मी युफला उदाहरणं दिली. दोन उदाहरणं, तिथल्या तिथे रचलेली — अमुक डच वाक्य म्हणताना मध्येच आयरिश शब्द येतो, वगैरे. मी शांतपणे, मुद्देसूद बोललो. कामावर मी कधी एकाही कंटेनरची वेळ खोटी लिहिलेली नाही. माझ्यासारख्या माणसावर कोण अविश्वास दाखवणार? युफने मान हलवली, आभार मानले.

पुढच्या सोमवारपासून व्हरांड्यात फक्त डच.

इरा पुन्हा गप्प झाली. नंतर बोलू लागली, बऱ्याच उशिरा. आता तर तिला थांबवावं लागतं. मोठ्या शाळेत आहे, मीनल मराठीत विचारते, ही डचमध्ये उत्तर देते. तो व्हरांडा तिला आठवतो का? मी विचारलेलं नाही. विचारायची माझी छाती नाही.

पण हे सगळं सांगूनही मी जिथे येत होतो तिथे अजून आलेलो नाही.

व्हरांड्यातलं आयरिश बंद झालं त्याच आठवड्यातल्या शनिवारी दारावरची बेल वाजली. नोरा होती. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. शाळेने तिला एवढंच सांगितलं होतं की एक मूल गोंधळतंय. कुठलं ते नाही. पण तिचं तिनेच ठरवलं होतं की ती इराच असणार, कारण सगळ्यात जास्त शब्द इराने उचलले होते.

"मी आधी तुम्हा दोघांना विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "पोरगी आधीच बोलत नाही, आणि मी तिच्यावर आणखी एक भाषा लादली. तिला त्रास झाला असेल तर मला माफ कर."

आतून मीनल ओरडली, "अरे, कोण आलंय? बाहेर काय उभं केलंयस, आत घे ना! चहा टाकते."

मी नोराकडे पाहिलं. खरं सांगायला मला वेळ होता — पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, "जाऊ दे. तू काही मुद्दाम केलं नाहीस."

मी तिला माफ केलं. तिने डोळे पुसले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मला थँक यू म्हणाली.