दुर्गाबाईचा पाट

दुर्गाबाईला विजेची भीती होती, आणि ती साधीसुधी नव्हे. पंचाहत्तर साली मोशीतल्या त्यांच्या पत्र्याच्या खोलीत वीज आली, तेव्हा तिनं वायरमनला एकच विचारलं, "दादा, ही मला धरणार न्हाई असं काय करू?"

तो घाईत होता. म्हणाला, "कोरड्या लाकडावर उभ्या राहा."

झालं! त्या दिवसापासून बाई जेवायचा पाट बटणाखाली ठेवायची, त्यावर चढायची आणि मगच दिवा लावायची. वर हात जोडायची ते निराळंच. आळीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरा जयसिंग पिंपरीला कंपनीत फिटर. तो तर चारचौघांत तिला 'भागूबाई' म्हणायचा. म्हणू दे! पाट काही हलला नाही.

त्या दिवाळीआधी फ्यूज सारखा उडायला लागला. न्हाणीत कुणी अंघोळ केली, पत्र्यावर पाणी उडालं, की घरात अंधार.

"अवं, काहीतरी बिघडलंय. उगंच कशाला उडंल?" दुर्गाबाई म्हणाली.

जयसिंगनं फ्यूजमधली केसासारखी बारीक तार काढली, कंपनीतून आणलेली तांब्याची जाड तार तिथं अडकवली आणि मिशीवरून हात फिरवला. "आता बापजन्मात उडायचा न्हाई." आता मला सांगा, दहा वर्षं फिटर असलेल्या माणसाला कोण शिकवणार? फ्यूज उडायचा थांबला. दुर्गाबाई मात्र अजूनही पाटावर चढूनच दिवा लावायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग शिफ्टला गेला होता. सात वर्षांची लेक कस्तुरा न्हाणीमागं धुणं वाळत घालायला गेली. वाळणीची तार न्हाणीच्या पत्र्यालाच बांधलेली, आणि पत्रा अंघोळीच्या पाण्यानं अजून ओला. पोरीनं ओला परकर तारेवर टाकला आणि ती तिथंच थांबली.

"कस्तुरे, काय गं?"

हात तारेला चिकटलेले, डोळे वर गेलेले. दुर्गाबाई धावली, हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. धरलं तर दोघी जाणार, न धरावं तर पोर जातेय! तशीच ती आत पळाली, मेन स्विचखाली पाट टाकून वर चढली. त्या मेनला तिनं जन्मात बोट लावलं नव्हतं. "आई गं, आई गं" म्हणत तिनं डोळे घट्ट मिटले आणि खटका खाली ओढला.

बाहेर काहीतरी धप्पकन पडलं. दुर्गाबाईला पाटावरून उतरवेना. पोर जिवंत असेल का, हे बघायची हिंमतच होईना. मग भोकाड ऐकू आलं. असलं गोड रडणं तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

निरोप मिळताच जयसिंग धावत आला. तळहातांना खोबरेल लावलेली लेक आईच्या मांडीवर बघितली आणि मग तो न्हाणीकडं गेला. न्हाणीतल्या दिव्याची वायर पत्र्याच्या भोकातून गेली होती, तिथं कडेच्या धारेनं कापून उघडी पडली होती. पाणी उडालं की वीज पत्र्यात उतरायची, म्हणून फ्यूज उडायचा. तो बिचारा ओरडून सांगत होता, आणि ह्यानं त्याचंच तोंड बांधलं होतं.

जाड तार काढायला तो मेनपाशी गेला. खटका बंदच होता. तरी त्याचा हात पुढं जाईना. मागं न बघताच तो म्हणाला, "दुर्गा, तो पाट दे."