तू खा, माझं झालं

"गिळायला त्रास कधीपासून होतोय?" दोह्याच्या हॉस्पिटलातल्या सुदानी डॉक्टरांनी विचारलं. मोहन, माझा नवरा, एंडोस्कोपीच्या गुंगीत शेजारच्या पलंगावर पडला होता, त्यामुळे उत्तर मला द्यावं लागलं. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालून बघतात.

मी सांगितलं, थोडा हिवाळ्यापासूनच, पण वाढला तो सुट्टीत, आम्ही युरोपला होतो तेव्हा. रोममध्ये हा पिझ्झाच्या कडा सोडायला लागला. नीसला समुद्रकाठी मासा मागवला, निम्मा माझ्या ताटात आला. स्वित्झर्लंडच्या डोंगरात नुसतं सूप. पॅरिसमध्ये फक्त आईस्क्रीम.

"फार व्यवस्थित सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी स्क्रीनवर इसोफेगस, म्हणजे अन्ननलिका, दाखवली. मधे काहीतरी अडकलं होतं. मला वाटलं, रात्रीची पेज असेल.

"हा कॅन्सर आहे असं मला वाटतं. बायोप्सीचा रिपोर्ट येऊ दे, पण खोटी आशा मी लावणार नाही." बायोप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणं. तुकडा आधीच काढून झाला होता.

आखातातल्या माझ्या माणसांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय, तेव्हा नीट ऐका. आपली एक घाण सवय आहे. दात दुखला, इंडियात दाखवू. चष्म्याचा नंबर, इंडियात. गाठ, चक्कर, पाठदुखी, सगळं जुलैच्या सुट्टीसाठी साठवून ठेवायचं. दोह्यातली हॉस्पिटलं चकाचक, हेल्थ कार्ड खिशात, तरी आपला खरा डॉक्टर सांगलीत बसलेला!

हिवाळ्यातच मोहनला पोळीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटायचा. वर पाणी प्यायचा की उतरायचा. "जुलैत सांगलीला गेलो की दाखवतो," तो म्हणाला. मीही बरं म्हटलं. मग लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला आणि आम्ही ठरवलं, यंदा सांगली नको, युरोप. सांगलीबरोबर डॉक्टरही रद्द झाला, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आणि युरोपात काय मजा केली म्हणता! मोहन बारीक व्हायला लागला होता. मी फोटो टाकले तर दोह्यातल्या आमच्या मुंतझा भागाच्या ग्रुपवर मैत्रिणींचा नुसता कल्ला. "मोहनराव हिरो दिसतायत! डाएट सांगा की आम्हाला!" तो असा फुशारला की रोममध्ये दोन इंच कमी कमरेची पँट घेतली. आरशासमोर फिरफिरून बघत होता मेला.

जेवायला बसलं की दोन घास खाऊन ताट माझ्याकडे सरकवायचा. "तू खा, माझं झालं." पंचवीस वर्षं माझ्या ताटातला पापड पळवणारा माणूस! म्हटलं, युरोप पावला गं बाई. डोंगरातल्या त्या हॉटेलात त्याने एक घास खाऊन आपला अख्खा केक मला दिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याही आलं होतं. त्याचं घास अडकल्यामुळे आलं होतं, हे त्याने मला नंतर हॉस्पिटलात सांगितलं. सुट्टी खराब होईल म्हणून तेव्हा बोलला नाही. मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की नर्स धावत आली.

पुढे पेट स्कॅन झाला. अंगात औषध सोडून कॅन्सर कुठवर पोचलाय ते त्यात दिसतं. त्या दिवशी वेटिंग रूममध्ये टीव्हीवर आल्प्स दाखवत होते, बर्फ, गाई, सगळं. मी उठून टीव्हीकडे पाठ करून बसले. मोहन मात्र टक लावून बघत राहिला.

रिपोर्टमध्ये मेटास्टॅसिस लिहिलं होतं, म्हणजे मूळ जागेवरून दुसरीकडे पसरणं. लिव्हरमध्ये पोचला होता.

"ऑपरेशनचा उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. "केमो देऊ. गिळता यावं म्हणून स्टेंट घालू." स्टेंट म्हणजे जाळीची नळी, ती अन्ननलिका उघडी धरते. यातलं काहीच बरं करण्यासाठी नव्हतं. त्रास कमी करायचा एवढंच.

"हिवाळ्यात आलो असतो तर?" मी विचारलं.

"या प्रश्नाचा तुम्हाला काही उपयोग नाही."

"तरी सांगा."

"कदाचित ऑपरेशन करता आलं असतं," ते म्हणाले. मग मोहनकडे वळून, "बघू, इन्शाल्ला." इतकी वर्षं इथे काढल्यावर इन्शाल्लाचे प्रकार कळतात. उद्या येतो म्हणणाऱ्या प्लंबरचा वेगळा आणि हा वेगळा.

आता आम्ही घरी आहोत. रोमची पँट त्याच्या कमरेवर राहत नाही, नाडी बांधतो. मी मेतकूट-भात चांगला गुरगुट्या करून मिक्सरमधून काढते. तो दोन चमचे खातो आणि ताट सरकवतो. "तू खा, माझं झालं."

सुरुवातीला मी चिडायचे, रडायचे, ताट उचलून न्यायचे. आता खाते. त्याच्यासमोर बसून, पोळी, भाजी, पापडसुद्धा. उपाशी राहून त्याच्यावर उपकार होत नाहीत, हे मला कळलंय. घशाखाली घास उतरतो याचे आभार मानावेत हेही आत्ताच कळलं, आणि ते मी मानते, दात-ओठ खाऊन.

मी जेवत असताना तो माझ्या तोंडाकडे बघत नाही. माझ्या गळ्याकडे बघतो. घास खाली गेला की म्हणतो, "गेला?"

मी म्हणते, "गेला."