चार मिथेनॉल

मला एका जागी बसवत नाही. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहासुद्धा मी उभ्यानेच पिते. अशा बाईने आयुष्यभर रेणूंची वजनं करत बसावं हा विनोदच आहे. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंचा तराजू. रेणूला विद्युतभार द्यायचा, यंत्रात सोडायचा, की पडद्यावर त्याच्या वजनाच्या जागी एक शिखर उठतं.

त्या वर्षी मी मिथेनॉलमध्ये विरघळवलेल्या चांदीच्या आयनांमागे लागले होते. चांदीच्या वजनाहून बरोबर एकशे अठ्ठावीसने जास्त असं एक शिखर मला दिसायला लागलं. मिथेनॉलचा एक रेणू बत्तीसचा. म्हणजे चार रेणू चांदीला घट्ट धरून बसले होते, आणि इतक्या घट्ट ते बसतील असं कुणी म्हटलं नव्हतं. मी हवेत होते. रोज नवा प्रश्न सुचे, रोज जेवण राही.

खटकणारी गोष्ट एकच होती. माझी पीएचडीची विद्यार्थिनी, बागबाजारची एक अबोल मुलगी, यंत्रावर बसली की ते शिखर गायब. मला थांबायला वेळ कुठे होता? घिसाडघाई करतेस, असं मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं आणि यंत्र तिच्याकडून काढून घेतलं. तिला जुने संदर्भ वाचायला बसवलं. लेख लिहिला, पाठवला, त्यात तिचं नाव नव्हतं.

एका सकाळी ती एक छोटी बाटली घेऊन आली. जड मिथेनॉल, म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ ड्युटेरियम असलेलं. याचा एक रेणू छत्तीसचा. एकदा हे घालून बघाल का, एवढंच ती म्हणाली. खरंच चार मिथेनॉल असतील तर शिखर सोळाने पुढे सरकायला हवं होतं. ते जागचं हललं नाही.

मी यंत्राभोवती येरझारा घातल्या. पंप तपासला, नळ्या बदलल्या, पुन्हा तेच. शेवटी ती खाली बघत म्हणाली, की मॅडम, शाल जरा बाहेर ठेवता का.

यंत्राची खोली एसीने गारठलेली असते, म्हणून मी शाल पांघरून काम करायचे. ती लॅबच्या कपाटात असायची, आणि इथल्या दमट हवेत कसर लागू नये म्हणून तिच्या घड्यांत डांबराच्या गोळ्या. डांबराची गोळी म्हणजे नॅप्थलीन, वजन एकशे अठ्ठावीस. माझ्या शालीतून त्याचीच वाफ यंत्रात शिरून चांदीला चिकटत होती. बीएस्सीच्या पोरांना मी हा आकडा शिकवते. कोविडनंतर माझं नाक जवळजवळ गेलंय, त्यामुळे मला वास येत नव्हता. शाल बाहेर गेली आणि तासाभरात शिखर नाहीसं झालं.

तुला कधीपासून माहीत होतं, असं मी विचारलं. शंका पहिल्या आठवड्यापासून होती, ती म्हणाली. दोनदा सांगायला आली होती. दोन्ही वेळा, आधी यंत्र चालवायला शीक, असं मी म्हणाले होते. मला ते लख्ख आठवलं आणि भयंकर लाज वाटली.

त्याच दुपारी मी लेख मागे घेतला. मग तिला सांगितलं, आता नव्याने लिहू, तुझं नाव पहिलं. तिने एका शाळेत नोकरी धरली होती, पुढच्या महिन्यापासून. आपल्याला प्रयोग जमत नाहीत असं तिने घरी सांगूनही टाकलं होतं. माझ्याकडून तिला फक्त शिफारसपत्र हवं होतं.

मी तिला थांब म्हणाले, अगदी विनवून म्हणाले. ती तयार झाली नाही. मग मी पत्र लिहिलं: प्रयोगात हिची नजर माझ्यापेक्षा खरी आहे, आणि हिच्यावर विश्वास न ठेवण्याची चूक माझी आहे.

तिने ते उभ्याउभ्याच वाचलं, नीट घडी घातली.

"हे मला तेव्हा ऐकायचं होतं, मॅडम," ती म्हणाली.